रिकाम्या जागा भरा

फैजपुरात, आठवडे बाजाराच्या मागे,
पिठाच्या गिरणीला लागून माझा क्लास.
वर पत्रे, खाली बारदान, बावीस पोरं
आणि फळ्यावर तीन उपपदं:
अ, ॲन, द.

मी सांगतो, हवामानाला सहसा काही लागत नाही.
पाऊस मोजता येत नाही, म्हणून नुसता रेन.
धुकं नुसतं फॉग. ऊन नुसतं सनशाइन.
प्रणिल फिरके हात वर करतो,
दुसऱ्या हातानं कपाळ निपटत:
"सर, ऊन मोजता येत नाही?
काल भुसावळले सेहेचाळीस होतं."
वर्ग हसतो. मीही.
ते तापमान, म्हणतो. ऊन वेगळं.
आणि पाठ वळवून फळा पुसत राहतो
गरजेपेक्षा जास्त वेळ.

आपल्यात तर पाऊसही मोजतात.
दोन पाऊस झाले म्हणतात, तिसऱ्यानं हूल दिली.
हस्ताचा, स्वातीचा, नावानिशी ओळखतात,
उपपद कशाला मग?
आणि गारा. गार एकटी कधी पडत नाही.
इंग्रजीत गेल्या की त्याच गारांचं
एकवचनी पीठ होतं.
ऊन पडतं, थंडी पडते, धुकं पडतं,
सगळं पडतंच आपल्याकडे.
वारं तेवढं सुटतं,
जणू इतका वेळ कुणी दावं धरून बसलं होतं.

शॉवर म्हणजे सर, हे शिकवलं त्या दिवशी
मी पाणी प्यायला उठलो तरी मागून कुजबुज:
अ सर गेली. अ सर आली.
सरीला अ लागतो. ती येते आणि संपते.
ज्याला शेवट आहे ते मोजता येतं,
असा एक नियम मी केलाय.
पुस्तकात नाही. कुणाला विचारलेला नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री वारं सुटलं.
माझे तीन पत्रे गेले.
एक मिळाला लीलाधर भारंबेंच्या केळीत,
आडव्या खोडांवर असा पसरलेला
की कुणी मुद्दाम पांघरलाय वाटावं.
दुसरा गिरणीच्या भिंतीला, दुमडून.
तिसरा नाही.

सोमवारी चाचणी घेतली, डोक्यावर चौकोनी आभाळ.
प्रश्न चौथा, रिकामी जागा भरा:
काल रात्री जोराचं वारं सुटलं.
उत्तर अ. विशेषण लागलं की वारंही एक होतं,
हे मी दोनदा सांगितलेलं.
मुमताज तडवीनं लिहिलं, द.

लाल पेन उघडून विचारलं, द केव्हा?
नियम तिला पाठ होता:
"बोलणाऱ्याले न् ऐकणाऱ्याले
दोघांले माहीत असलं का."
मग?
तिनं वर पाहिलं, पत्रा नव्हता तिथं.
"तुम्हाले माहीत नाही का, सर?"

पेपर काढणारा लांब कुठेतरी, पंख्याखाली.
त्याच्या दारात वारं पहिल्यांदाच येतं,
अनोळखी, एखाद्या पाहुण्यासारखं,
तो अ म्हणून त्याला आत घेतो.
त्याचंही चूक नाही.
"रेल्वेच्या परीक्षेत अ लिहायचं," मी म्हणालो.
"तिठी अ," ती म्हणाली. "इठी द."
मी मार्क दिला.
उत्तरसूचीतला अ तसाच ठेवला.

वही घेऊन निघताना दारात थांबली.
"सर, आमच्याकडे नाल्यापलीकडे
एक पत्रा सापडेल आहे.
फूलबाईनं कोंबड्यांवर टाकलाय."
एक पत्रा, म्हणाली ती. तो नाही.
माझ्या पत्र्यांच्या कोपऱ्याला निळा रंग आहे,
गिरणीवाल्यानं उरलेला दिलेला.

निळा आहे का,
मी विचारलं नाही.